पहिला दिवस, चौथा दिवस

प्रिय मुली,

सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी तू विचारलंस, "बाई, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय शब्दशः खरा मानायचा, की रूपक?" तुझे पप्पा गाडी सुरू करून थांबले होते, म्हणून मी "सवडीनं बोलू" एवढंच म्हणाले. पण घरी आल्यावरही तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. शिबिरात तुला सांगितलं गेलं की डार्विन मानायचा असेल तर पवित्र शास्त्र मिटून ठेव. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वेळी कुणीतरी म्हणालं, तुमच्यात तर सहा दिवसांत जग तयार झालं ना! दोन्हीकडून असं ढकललं गेलं की माणूस गप्प होतो, आणि तू दोन महिने गप्प आहेस हे मी बघतेय. तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घेतली. तेव्हा पत्र जरा लांबेल.

आधी दगडाचं बोलू. तो आपल्या दारातच आहे.

आपलं नाशिक थिजलेल्या लाव्ह्यावर वसलंय. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या काळ्या कातळात भिक्षूंसाठी पांडवलेणी कोरली, तो बेसाल्ट म्हणजे हाच लाव्हा. पुढच्या वेळी घाटातून जाशील तेव्हा जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे नीट बघ. दोन काळ्या थरांच्या मधे कधीकधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, कुठे वीतभर, कुठे कमरेइतका. बोट घासलं की तांबडी भुकटी हाताला लागते. हा पट्टा बहुतेक ठिकाणी जुनी माती असतो. एक लाव्हा निवला, त्याच्यावर ऊन-पाऊस झाला, दगड झिजून कुजून माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला. दगडाची माती एका पावसाळ्यात होत नाही हे तुला सांगायला नको. सह्याद्रीत लाव्ह्याचे असे थर एकावर एक रचलेत, आणि ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. पृथ्वी त्याहून कितीतरी म्हातारी, साधारण ४५४ कोटी वर्षांची.

कुणी तुला म्हणालं की ही सगळी देव न मानणाऱ्यांनी रचलेली गोष्ट आहे, तर स्टीफन हिस्लॉप आठव. नागपूरचे मिशनरी, तिथल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. सुवार्तेचं काम करता करता ते याच लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळातून शंखशिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा करायचे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८५५ साली नागपूर परिसराच्या भूगर्भावर निबंध छापला. डार्विनचं पुस्तक यायला अजून चार वर्षं होती. हातात पवित्र शास्त्र आणि हातोडी दोन्ही धरणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली आहेत.

आणि जग सहा हजार वर्षांचं आहे असं जे म्हणतात, तो आकडा पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळ्यांमधली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून १६५० साली निर्मितीचं वर्ष इ.स.पू. ४००४ असं काढलं. ते मोठे विद्वान होते, हाताशी होतं ते घेऊन त्यांनी प्रामाणिकपणे हिशोब केला. पण हिशोब त्यांचा. तो देवाच्या तोंडी घालू नये.

उत्क्रांतीबद्दल तुला मी काय नवीन सांगणार? दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. तरी दोन गोष्टी सांगते. तुझ्या मामांच्या द्राक्षबागेत केवड्यावर एकेकाळी हमखास चालणारं औषध पुढे चालेनासं होतं. ज्या बुरशीला त्याचं काही वाटलं नाही ती उरली आणि तिचीच प्रजा वाढली. "हे छोटे बदल ठीक, मोठे नाहीत," असं शिबिरात म्हणाले असतील. मग लिंबू घे. गाय, शेळी, कुत्रा यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होतं. आपल्या शरीरात होत नाही, म्हणून आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो. ते तयार करणारा जनुक आपल्याकडे आहे, पण मोडका. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यातही तोच जनुक मोडका आहे. एका वर्गातल्या चार वह्यांत एकाच ओळीत एकच चूक सापडली तर शिक्षक काय समजतो? मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. घाबरले नव्हते. देवाने आपल्याला किती लांबच्या वाटेनं आणलं, हेच मनात येत राहिलं.

आता अध्यायाकडे ये. दगड जितका निरखून पाहिलास तितकाच निरखून तो वाच. लोक वाद घालतात, पण वाचत नाहीत. कागदाच्या डाव्या बाजूला पहिले तीन दिवस लिही, उजवीकडे पुढचे तीन. पहिल्या दिवशी प्रकाश. त्याच्यासमोर चौथा, सूर्य-चंद्र-तारे. दुसऱ्या दिवशी वरचं आणि खालचं पाणी वेगळं होऊन मधे आकाश; समोर पाचवा, पाण्यातले जीव आणि पाखरं. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती. समोर सहावा, जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. आधी घरं बांधली, मग त्यांत राहणारे आणले. आणि शेवटी सातवा दिवस, ज्याच्यासमोर कुणीच नाही: विसावा. जात्यावर आजी "पहिली माझी ओवी", "दुसरी माझी ओवी" असं मोजत जाते. त्या मोजण्याने गाण्याला घाट येतो. त्यावरून दळण किती वाजता सुरू झालं हे कुणी काढत बसत नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय ओवी नाही, पण त्यातही असा घाट आहे आणि मराठी कानाला तो ऐकू यायला हवा.

सूर्य चौथ्या दिवशी, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? ही शंका डार्विनमुळे निघालेली नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने ती विचारली आणि म्हटलं की हे शब्दशः घ्यायचंच नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यातही हे सहा दिवस आपल्यासारखे चोवीस तासांचे मानले नाहीत. त्याने इशाराही देऊन ठेवला: आकाश, तारे, प्राणी यांची ज्यांना माहिती आहे त्यांच्यापुढे ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन भलतंच बोलला, तर पुनरुत्थानाबद्दलही ते त्याचं का ऐकतील?

मग हा अध्याय सांगतो तरी काय? बऱ्याच अभ्यासकांच्या मते याला आजचं रूप यहुद्यांच्या बाबेलमधल्या, म्हणजे बॅबिलोनमधल्या, बंदिवासाच्या सुमारास आलं. यरुशलेम पडलेलं, मंदिर जळालेलं, लोक परक्या देशात. तिथल्या कथेत बाबेलचा देव मार्दुक समुद्रदेवी तियामतला मारतो, तिच्या शरीराचे दोन भाग करून आकाश करतो, आणि ठार केलेल्या एका देवाच्या रक्तातून माणूस घडवतो. कशासाठी? देवांची चाकरी करायला. आता आपला अध्याय वाच. लढाई नाही. देव बोलतो आणि होतं. सूर्याला आणि चंद्राला तर नावंही दिलेली नाहीत, "मोठी ज्योती" आणि "लहान ज्योती" एवढंच. शेजारी ज्यांना देव म्हणून नमतात ते आमच्या देवाने टांगलेले दिवे आहेत, हे बंदिवान माणसं ठासून सांगताहेत. आणि या अध्यायात देव ज्याला आपलं प्रतिरूप म्हणून घडवतो तो कोण? त्या काळी तो मान राजाचा. इथे तो प्रत्येक नर-नारीला.

माझ्या पणजीच्या कानावर हे वचन पहिल्यांदा पडलं तेव्हा गावच्या विहिरीवर तिला पाणी भरता येत नव्हतं. दिवस चोवीस तासांचा की कोट्यवधी वर्षांचा, असं तिने विचारलं नाही. आमच्या घरात सांगतात की तिने एवढंच विचारलं, "मी पण?" त्या अध्यायाचा शब्दशः अर्थ मला कुणी विचारला तर मी हाच सांगेन. म्हणून "रूपक" हा शब्दसुद्धा मला अपुरा वाटतो. रूपक म्हटलं की लोक पुस्तक बाजूला ठेवतात, जणू आता त्यात पाळण्यासारखं काही उरलं नाही.

माझी एक चूक सांगते, तू ती करू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मुलांना सांगायची, एकेक दिवस म्हणजे एकेक युग, बघा विज्ञानाशी कसं जुळतं. एका मुलाने हात वर केला. "बाई, पाखरं पाचव्या दिवशी आणि जमिनीवरचे प्राणी सहाव्या. जीवाश्मांत तर उलट आहे." तो बरोबर होता. फळझाडंही सूर्याच्या आधी येतात. मी दरडावून त्याला खाली बसवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पवित्र शास्त्र वाचवायच्या नादात मी ते शास्त्रही नीट वाचलं नव्हतं आणि मुलाच्या खऱ्या प्रश्नाचा अपमान केला होता. लगेच पुढे दुसरा अध्याय आहे, त्यात माणूस आधी घडतो आणि प्राणी नंतर. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले त्यांना हे दिसत नव्हतं असं थोडंच आहे?

सगळं सुटलं असं मात्र मी म्हणणार नाही. अवघड जागा प्रेषित पौलाच्या पत्रात आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एका माणसाद्वारे पाप आणि पापाद्वारे मरण जगात आलं असं तो लिहितो, आणि आपल्या पायाखालचे थर सांगतात की माणूस यायच्या कितीतरी आधीपासून जीव मरत आले आहेत. पौल देवापासून तुटण्याच्या मरणाबद्दल बोलतोय असं मी धरून चालते. काही चांगली, अभ्यासू माणसं आदाम खरा एक माणूस होता असं मानतात आणि उत्क्रांतीही मानतात. तुला वेळ आहे, आज ठरवलंच पाहिजे असं नाही. ईयोबाचं अडतिसावं प्रकरण आणि स्तोत्र १०४ मात्र वाच. तिथे सिंह भक्ष्यासाठी गर्जतो आणि ते देवाकडेच मागतो. शिकार करणाऱ्या प्राण्यांची या पुस्तकाला लाज वाटत नाही.

आजीशी वाद घालू नकोस. ती सहा दिवस म्हणजे सहा दिवस मानते, आणि त्याच विश्वासावर तिने तुम्हाला वाढवलं. तिने विचारलं तर खोटं बोलू नकोस. नाही विचारलं तर तिच्याबरोबर बसून स्तोत्र म्हण. तरुण संघात मात्र गप्प बसू नकोस. तिथे तुझ्याहून लहान मुलं आहेत, त्यांनाही हाच प्रश्न पडलाय. आणि कॉलेजातल्या त्या मुलाला हा सहा दिवसांचा कागद दाखव. तो हसणार नाही, बघ.

जमलं तर इब्री, म्हणजे हिब्रू, शिकायला लाग; हा अध्याय मुळात त्याच भाषेतला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. आपल्याला निदान चार शब्द यायला हवेत. "आदाम" म्हणजे माणूस, "अदामा" म्हणजे माती. त्या भाषेत हे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत. तांबडी भुकटी बोटाला लागेल तेव्हा आठव.

पाऊस स्थिरावला की आपण अंजनेरीला जाऊ. तिथल्या माथ्यावर एक कंदीलपुष्प आहे, २००६ साली जगाला पहिल्यांदा कळलेलं, डोंगराचंच नाव मिळालेलं. कंदीलपुष्पांच्या नळीत आत वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, अडकते, अंगाला पराग लागतो, केस सुकले की सुटते. सह्याद्रीत याची भावंडं पुष्कळ, प्रत्येकाची नळी थोडी वेगळी. तोडायचं नाही, वाकून बघायचं. भिंग माझ्याकडे आहे, तू वही आण. दुसऱ्या अध्यायात देव एकेक प्राणी माणसापुढे आणतो आणि हा त्यांना काय नाव देतो ते बघत उभा राहतो. ते वचन मला तुला तिथे वाचून दाखवायचंय.

तुझी,
बाई