अस्वलाचे सोंग घेण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रातील तेलउत्खननाविरुद्ध ऑस्लोमध्ये होणाऱ्या निदर्शनात तू ध्रुवीय अस्वलाचा पोशाख घालून उभा राहणार असल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. जरूर जा, मात्र हे सोंग कोणासमोर आणि कशासाठी घ्यायचे, हे आधी नक्की कर.

ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने सप्टेंबर २०१३ मध्ये ‘ऑरोरा’ नावाचे, दुमजली बसएवढे आणि सुमारे तीन टनांचे कळसूत्री अस्वल लंडनच्या रस्त्यांवरून नेले होते. आतून कलाकार ते हलवत होते आणि बाहेर स्वयंसेवक दोर ओढत होते. ज्या शेल कंपनीने आर्क्टिकमध्ये तेल शोधण्याचा घाट घातला होता, तिच्याच दारात ते नेऊन उभे केले, हे मला त्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे वाटते.

सप्टेंबर २०१५ मध्ये शेलने अलास्काजवळच्या चुकची समुद्रातून माघार घेतली, तेव्हा सगळे श्रेय अस्वलाला देण्याचा मोह होणे साहजिक होते. कंपनीने सांगितलेली कारणे मात्र वेगळी होती: ‘बर्गर जे’ विहिरीत पुरेसे तेल आणि वायू सापडले नव्हते, खर्च अवाढव्य होता आणि सरकारी नियमांची शाश्वती नव्हती. सुमारे सात अब्ज डॉलर खर्ची पडले होते, आणि सगळी सोंगे आणता आली तरी पैशाचे आणता येत नाही! निदर्शनांनी कंपनीची नाचक्की केली, हे खरे. त्याहून मोठा दावा करू नकोस.

म्हणून तुझ्या पत्रकात अस्वलाच्या आसवांपेक्षा हिशेब असू दे. बॅरेंट्स समुद्रातल्याच योहान कास्टबर्ग तेलक्षेत्रातून मार्च २०२५ मध्ये उत्पादन सुरू झाले असून ते तीस वर्षे चालवण्याचा बेत आहे. तिथे हिवाळ्याच्या काळोखात तेल सांडले, तर ते गोळा करायला कोण आणि किती वेळात पोहोचणार, हे ते क्षेत्र चालवणाऱ्या इक्विनॉर कंपनीला विचार. आर्क्टिकमध्ये राहणाऱ्या माणसांनाही विसरू नकोस. कॅनडातील क्लाइड रिव्हर या इनुइट आदिवासींच्या गावाने समुद्रातील तेलशोधाच्या चाचण्यांविरुद्धचा खटला २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. अस्वलाची शिकार करणाऱ्या त्या लोकांना आपले गोंडस अस्वल कदाचित भाबडे वाटेल.

पोशाखात लवकर घाम फुटतो आणि बाजूचे धड दिसत नाही, तेव्हा हात धरायला एक सोबती ठेव. पोलिसांशी आणि पत्रकारांशी त्यानेच बोलावे. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस, त्यामुळे आयोजकांनी पोलिसांना पूर्वसूचना दिली आहे का, याची खात्री करून घे. पत्रकाचा मसुदा छपाईआधी मला पाठव.

तुझा,
काका