उपवनच्या फोटोतला नॉइज

तू ठाण्याच्या उपवन तलावावर संध्याकाळी काढलेलं पोर्ट्रेट पाहिलं. पोज आणि डोळ्यांवरचा फोकस, दोन्ही उत्तम जमलंय. नॉइजसाठी (फोटोतल्या दाणेदार ठिपक्यांसाठी) मात्र आयएसओला, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सेटिंगला, दोष देऊ नकोस. उपवनला सूर्य येऊरच्या डोंगराआड जातो आणि उजेड भराभर कमी होतो. तू आयएसओ 400 वरच ठेवलास, फोटो काळपट आला आणि मग एडिटिंगमध्ये शॅडो, म्हणजे गडद भाग, वर खेचून उजळ केल्यास. हनुवटीखाली आणि केसांत ते हिरवे-जांभळे ठिपके त्यामुळेच दिसतायत. सरळ 1600 ठेवून चेहरा नीट उजळ घेतला असतास, तर फाइल जास्त स्वच्छ आली असती. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघत जा, फक्त कपाळावरचा उजेड पांढराफटक होऊ देऊ नकोस.

आता आहे त्या रॉ फाइलवर (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या फाइलवर) आधी कलर नॉइज, म्हणजे ते रंगीत ठिपके, काढ. ल्युमिनन्सचा (उजेडातला दाणा कमी करणारा) स्लायडर मात्र बेताने; तू तो इतका वाढवलायस की गाल मेणासारखे गुळगुळीत झालेत आणि भुवयांचे केस एकमेकांत मिसळलेत. मागच्या झाडांना मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथे हवं तेवढं कर. शार्पनिंग डोळे-ओठांपुरतंच. थोडा दाणा राहिला तर राहू दे, प्रिंटमध्ये तो फारसा जाणवत नाही. त्वचेचा केशरीपणाही जरा उतरव. नवीन एडिट रॉसकट पाठव, मी बघतो.