जुनी पद्मिनी दारात आल्यावर

प्रश्न : १९८६ची प्रीमियर पद्मिनी घेतली. दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू का? (सातारा)

उत्तर : मारू नका. उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल उतरून जातं, गंज धरतो, आणि तशात इंजिन फिरवलं तर पिस्टन रिंगा खरवडतात. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी प्लग न लावताच टॉप गिअर टाकून गाडी हाताने हलकेच ढकला. इंजिन अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. मोकळं फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० उत्तम. मग गिअर न्यूट्रल, कॉइलची वायर सोडवलेली, भोकांवर फडकं (तेल उडतं!), आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर. प्लग त्यानंतर.

टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशसारखा वास येत असेल तर ते सगळं काढा, नाहीतर कार्ब्युरेटरचे जेट बुजतील. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र वास येवो न येवो, बदलाच. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं, चिरतं. गळती गरम इंजिनवर झाली तर गाडी पेटते. रंगकामाचे पैसे आधी इथे घाला.

प्रश्न : ब्रेक दोनदा मारल्यावरच लागतो. दर महिन्याला ब्रेक ऑइल भरतो. चालेल? (नाशिक)

उत्तर : नाही. ऑइल कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी गळतंय. पेडल पंप केल्यावर वर येऊन कडक राहिलं तर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसलं तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय किंवा गळती आहे. चारही चाकांना ड्रमच आहेत, तेव्हा एकेक काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने उचला. आत ओलं दिसलं की रबरी सीलचं किट बदला, शूवर तेल उतरलं असेल तर शूही. ड्रममधली पूड फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) लांबच्या चाकापासून : डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. ब्रेक ऑइलची बाटली डॉट ३ या प्रतीची, नवी फोडलेली. उघडी राहिलेली बाटली हवेतली ओल शोषते.

प्रश्न : घरी अ‍ॅम्बॅसडरचे पाने आहेत. तेच वापरू? (पणजी)

उत्तर : वापरू नका. पद्मिनी कुर्ल्यात बनली तरी मूळची इटलीची फियाट, म्हणून नट मिलिमीटरचे. अ‍ॅम्बॅसडर मूळची इंग्रज मॉरिस, तिचे इंचातले. १३च्या नटावर अर्ध्या इंचाचा पाना चढत नाही, ९/१६चा सैल बसतो आणि जोर लावला की नटाच्या कडा गोल करून टाकतो. ८ ते १९चे रिंग आणि ओपन पाने, फट मोजायचं फीलर गेज (डिस्ट्रिब्युटरमधल्या सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंटची गॅप साधारण ०.४५ मिमी), ग्रीस गन, टेस्ट लॅम्प आणि दोन जॅक स्टँड घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. साधा मल्टीमीटरही घ्या : इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू इंजिनवर १४ च्या जवळ. गाडीला डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) असेल तर आयडलवर आकडा कमी दिसेल, घाबरू नका.

प्रश्न : गिअरबॉक्सचं तेल घरी बदलता येईल? (पुणे)

उत्तर : येईल, पण आधी भरायचा प्लग सुटतो का ते पाहा. तो गंजून बसलेला असेल आणि खालचा प्लग उघडून तेल काढलंत, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी गॅरेजपर्यंत ओढावी लागेल.