परमनंट मेकअप करू की नको?

प्रश्न: ताई, माझ्या भुवया आधीपासूनच विरळ, पण गेल्या दोन वर्षांत बाहेरच्या टोकाला केसच उरले नाहीयेत. रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसते आणि घाईत एक भुवई वर नि एक खाली होते. मैत्रिणीने मायक्रोब्लेडिंग केलंय, तिला एकदम नॅचरल दिसतं. माझी स्किन तेलकट आहे. आणि हो, कान टोचल्यावर भोकामागे गाठ आली होती, ती अजून आहे, पण दुखत वगैरे नाही. करून घेऊ का?

उत्तर: अगं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू 'आणि हो' म्हणून शेवटी लिहिलीस! कान टोचल्यावर आलेली आणि मग गेलीच नाही अशी गाठ केलॉइड असू शकते, म्हणजे जखम भरून झाली तरी त्वचा वण वाढवतच राहते. आणि मायक्रोब्लेडिंग म्हणजे काय, तर बारीक सुयांच्या पात्याने केसासारखे छोटे छोटे काप देऊन त्यात रंग भरायचा, एका भुवईत अशा कितीतरी जखमा. त्यामुळे आधी ती गाठ स्किनच्या डॉक्टरांना दाखव. ते केलॉइड म्हणाले तर विषय तिथेच बंद, पार्लरवाली कितीही 'काही होत नाही हो' म्हणाली तरी.

दुसरं म्हणजे टोकाकडचे केस अलीकडेच गेलेत, ते का गेले? थायरॉइड कमी पडलं की नेमके तिथलेच केस विरळ होऊ शकतात, चाई असू शकते, किंवा वर्षानुवर्षं ओढून ओढून केलेलं थ्रेडिंग. कारण सापडून उपचार झाले तर केस परत येऊ शकतात, मग रंगवलेली रेघ एकीकडे आणि उगवलेला केस दुसरीकडे.

हे सगळं ठीक निघालं तरी तेलकट त्वचेवर त्या रेघा फार काळ रेघा राहत नाहीत, पसरतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांनी दोन वर्षांपूर्वी केलेलं. जवळून बघितलं तर एकही केसाची रेघ वेगळी दिसेना, सगळं मिळून राखाडीसर पट्टा, कडेला थोडा वीटकरी. अशा त्वचेला मशीनने बारीक ठिपके देऊन केलेला पावडर ब्रो सहसा बरा टिकतो. म्हणून मैत्रिणीचं बघून ठरवू नकोस, तिची त्वचा वेगळी. जिच्याकडून करणार तिला केल्या दिवशीचे फोटो नको, वर्षभरानंतरचे दाखव म्हण, आणि तुझ्यासारख्याच स्किनवरचे.

'परमनंट' हा शब्द मला तरी दोन्हीकडून फसवा वाटतो. रंग साधारण 1 ते 3 वर्षांत फिका पडतो, म्हणून टचअपचा खर्च चालूच, पण पूर्ण निघून जाईल याची मात्र गॅरंटी नाही. आणि पस्तावा रंगापेक्षा आकाराचा जास्त होतो. तर हवा तो आकार महिनाभर रोज पेन्सिलने काढून बघ, महिन्यात कंटाळलीस तर उत्तर मिळालंच. करून घेतल्यावर पहिले काही दिवस भुवया फार गडद दिसतात, मग खपल्या धरतात (खरवडायच्या नाहीत, रंग त्यांच्याबरोबर निघून येतो), मग वाटतं सगळं गेलंच की काय, आणि खरा रंग महिन्याभराने दिसतो. कुठलं फंक्शन असेल तर त्या हिशोबाने.

प्रश्न: वय 52, मला डायबेटिस आहे. ओठ काळपट आहेत म्हणून लिप ब्लश (ओठांत सुईने रंग भरतात ते) करायचा विचार आहे. ताप आला की ओठाच्या कडेला फोड येतात, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर: पडतो, बराच. ते फोड बहुतेक हर्पिस या विषाणूचे, आणि ओठांवर सुई फिरली की ते उसळतात, म्हणून डॉक्टर आधीपासूनच गोळ्या सुरू करतात. गोळ्यांबद्दल विचारल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर जखम उशिरा भरते, इन्फेक्शनची भीती वाढते, म्हणून आधी रिपोर्ट बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि काळपट ओठांवर गुलाबी रंग फोटोतल्यासारखा उठत नाही, कधी कधी टोचल्यामुळे काळेपणा वाढतोसुद्धा. मी तुमच्या जागी असते तर आधी ओठ काळे का पडलेत ते विचारलं असतं.

प्रश्न: जुन्या आयब्रो लालसर झाल्यात. त्यावर स्किनच्या रंगाचं पिगमेंट टाकून झाकतात म्हणे, करू का?

उत्तर: नको! त्या रंगात बहुतेक पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड असतं, काही दिवसांनी वेगळाच ठिगळ दिसतो, आणि पुढे लेझरने काढायला गेलात तर तो रंग क्षणात काळा पडू शकतो. लेझर करायचंच तर त्वचारोगतज्ज्ञांकडे, आणि आधी एका छोट्याशा ठिपक्यावर ट्राय करून.

प्रश्न: पर्मनंट आयलायनर केलंय आणि आता एमआरआय सांगितलाय. चालेल ना?

उत्तर: चालतं, एवढ्यावरून एमआरआय टाळू नका. फक्त टेक्निशियनला आधी सांगा, कारण काही रंगांत आयर्न ऑक्साइड असतं आणि क्वचित कोणाला तिथे गरम लागतं किंवा सूज येते. आत असताना तसं वाटलं तर हातातलं बटण लगेच दाबायचं, संकोच करायचा नाही.