वाचक विचारतात: द्रुत तानेत बोटं का अडखळतात?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी पेटीवर साथ करतो. बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. यमन रागात 'नी रे ग म ध नी सां' ही जागा सावकाश वाजवताना काही अडचण येत नाही. दुगुनीत (दुप्पट गतीत) मात्र धैवताला हात अडकतो. रियाज वाढवून पाहिला, फरक नाही. बोटं कशी लावावीत?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : रियाज कमी पडत नाहीये, बोटांचा क्रम चुकतो आहे. अंगठा 1, तर्जनी 2, मधलं बोट 3, अनामिका 4, करंगळी 5 असे आकडे धरू. तुम्ही बहुधा नी 1, रे 2, ग 3, म 4 असे ओळीने जात असणार. मग धैवताला करंगळी तरी उरते, नाहीतर अंगठा. करंगळी टाकली तर पुढच्या निषादाला बोटच शिल्लक नाही. अंगठा टाकला तर तो काळी पाचवर जातो. अंगठा आखूड असल्याने काळ्या पट्टीवर पोचायला अख्खा हात आत ढकलावा लागतो आणि बाकीची बोटं काळ्या पट्ट्यांच्या फटीत चेंगरतात. सावकाश वाजवताना तेवढा वेळ मिळतो, म्हणून दोष लपतो.

आधी सरळ यमन बसवा. काळी एकला षड्ज धरला की सा, रे, प, ध काळ्यांवर येतात. ग, तीव्र म आणि नी पांढऱ्यांवर. अंगठा फक्त गंधार आणि निषादावर ठेवायचा:

सा 2, रे 3, ग 1, म 2, प 3, ध 4, नी 1, सां 2.

वर तार सप्तकात हाच क्रम चालू राहतो, उतरतानाही हीच बोटं उलटी. आता तुमची जागा याच क्रमातून काढा. षड्ज आणि पंचम गाळा, बाकीच्यांची बोटं तीच ठेवा: नी 1, रे 3, ग 1, म 2, ध 4, नी 1, सां 2. स्वर गाळला म्हणून उरलेल्यांची बोटं सरकवायची नाहीत. बहुतेकांची गफलत इथेच होते. रिषभाला 2 टाकण्याचा मोह होईल, कारण सुटा वाजवताना तो सोपा वाटतो. पण रिषभानंतर लगेच अंगठा खालून गंधारावर न्यायचा आहे आणि लांब, उंच मधल्या बोटाखालून तो सहज जातो.

लांब बोटं काळ्यांवर, अंगठा पांढऱ्यावर, हा पियानोवाल्यांचाही जुना अनुभव आहे. पियानोवादक-संगीतकार शोपँ शिष्यांना पहिलं सप्तक पांढरी एकपासून न देता पांढरी सातपासून द्यायचा, कारण त्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात आणि हाताला नैसर्गिक बाक मिळतो. सगळ्या पांढऱ्यांचं सप्तक डोळ्यांना सोपं, हाताला नाही.

बाई गायला बसल्या आणि काळी पाच लागली तर स्केल-चेंजर पेटीत पट्ट्याच सरकतात, बोटं तीच राहतात. साध्या पेटीत क्रम बदलावा लागेल: सा 4, रे 1, ग 2, म 3, प 1, ध 2, नी 3, सां 4. सुरुवातीच्या षड्जाला 2 घेतलं तरी चालतं. अंगठा आता रिषभ आणि पंचमावर आला. सा कुठल्याही पट्टीवर असो, एवढंच पाठ करा: अंगठा कुठल्या दोन स्वरांवर. बाकीची बोटं आपोआप लागतात.

पेटीची आणखी एक गोष्ट. पियानोचा सूर वाजल्यावर विरत जातो. पेटीचा सूर पट्टी दाबलेली आहे आणि भात्यात हवा आहे तोवर तसाच राहतो. मागचं बोट जरा उशिरा उठलं की दोन सूर एकात एक मिसळतात आणि तान चिखलात चालल्यासारखी ऐकू येते. म्हणून अंगठा खालून जाताना मधलं बोट वेळेवर उठतंय का, याकडे कान ठेवा. 'गग रेरे सासा' अशा जोडस्वरांत दुसऱ्या आघाताला बोट बदला (3-2, 3-2). एकच बोट दोनदा आपटलं तर वेगात मनगट ताठ होतं. खर्जात (खालच्या सप्तकात) फार गती मागू नका, तिथला सूर उशिरा बोलतो आणि त्याला बोटांचा इलाज नाही.

प्रश्न : मी पियानोच्या ग्रेड परीक्षेची तयारी करते. पुस्तकात छापलेले बोटांचे आकडे माझ्या लहान हाताला जमत नाहीत. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 80 ठोक्यांवर ठीक, 120ला सगळं कोसळतं. आकडे बदलले तर चालतील का?
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बदला. ते आकडे बहुधा संपादकाने त्याच्या हातासाठी घातलेले असतात, तो काही नियम नव्हे. पण काय बदलायचं ते सावकाश वाजवून ठरवू नका. 120ला ठोक्याला चार स्वर म्हणजे सेकंदाला आठ. एवढ्या गतीत अंगठा हळूच खालून सरकवायला वेळच नसतो, अख्खा हात उचलून पुढच्या जागी जातो. सावकाश जे सोयीचं वाटतं ते गतीत अडचणीचं ठरू शकतं.

म्हणून असं करा. ओळ शेवटाकडून वाचा: शेवटचा स्वर कुठल्या बोटावर संपायला हवा ते ठरवा आणि तिथून मागे या. मग हात न हलवता जेवढे स्वर आवाक्यात येतात त्यांचा एकेक गट पाडा आणि तो गट एकदम दाबून पाहा. तळहात ताणला जात असेल तर गट मोठा झालाय, एक स्वर कमी करा. आता पाच स्वर (चार आणि पुढच्या ठोक्याचा पहिला) थेट 120ला वाजवा आणि थांबा. मग पुढचे पाच. जिथे फसतं तिथलंच बोट बदला, बाकीच्यांना हात लावू नका. ठरलं की पेन्सिलीने लिहा आणि रोज तेच ठेवा.

3-4-5 ची सलग गर्दी टाळा. अनामिकेचा स्नायुबंध शेजारच्या बोटांना जोडलेला असतो, म्हणून ती एकटी नीट उठत नाही. थरथरता स्वर (ट्रिल, म्हणजे दोन शेजारचे स्वर आलटून पालटून) 3-4 ऐवजी 2-3 किंवा 1-3 ने घ्या. डावा हात मोकळा असेल तर उजव्याचे एक-दोन स्वर त्याला द्या. पियानोची ही सोय पेटीवाल्याला नाही, त्याचा डावा भात्यात अडकलेला. आणि मनगट दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबा.

पियानोचं सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असतं. घरी लहान पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर फूटपट्टीने मोजा. तो आखूड भरला तर त्यावर बसवलेली लांब उडी परीक्षेत चुकेल.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या पेटीची एक पट्टी अडकते. त्यामुळे बोटं बदलावीत का?
— खानापूर

उत्तर : नको, चुकीची सवय लागेल. आधी दोष ओळखा. भाता भरून पट्टी दाबा आणि सोडा. पट्टीच हळू उठत असेल तर दमट हवेने लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतंय. पट्टी उठूनही सूर चालू राहत असेल तर तिच्याखालचं झडप नीट बसत नाही. दोन्ही कामं कारागिराची आहेत. घरी पट्टी तासायला जाऊ नका, कोरड्या दिवसांत ती सैल होऊन खुळखुळेल.