उदगीरच्या लढाईची मिनिएचर फौज उभारायची आहे, निशाणं कुठून आणू?

विकत शोधू नका, घरीच करा. 1760 च्या उदगीर मोहिमेची मराठी निशाणं तयार मिळणं अवघड, आणि आपल्या लातूर-नांदेडकडे तर असलं दुकानच नाही.

आधी फौज. 15 मिमी उंचीचे सैनिक घ्या, 28 मिमीत घोडदळाचा खर्च झेपत नाही. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांच्या बाजूला घोडेस्वार भरपूर हवेत, आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा विसरू नका, त्यांच्याशिवाय ही लढाई उभीच राहत नाही.

मराठ्यांचा भगवा दोन टोकांचा काढा. जरीपटका (जरीचं निशाण) मात्र एकच, मुख्य सेनापतीजवळ. तो मानाचा असतो, तुकडीतुकडीला वाटायचा नाही. समोर निजामाकडे पिवळं निशाण, मधोमध गोल कुलचा (रोटीसारखं वर्तुळ).

जरीपटक्यासाठी मी आईच्या जुन्या साडीचा काठ लावून पाहिला, पण एवढ्याशा स्वाराच्या हातात वीण फारच जाड दिसते. त्यापेक्षा पातळ कागदावर लेझर प्रिंट काढा (इंकजेटची शाई फेविकॉलने फुटते). दोन्ही बाजू आरशासारख्या उलट छापा, खराट्याच्या काडीभोवती दुमडून चिकटवा आणि डिंक ओला असतानाच पेन्सिलवर वळवून लाटा पाडा. वाळल्यावर कागदाची पांढरी कड त्याच रंगाने रंगवा. ती राहिली तर निशाण लांबूनसुद्धा कागदीच वाटतं.