दवाखान्यातली तपकिरी बाटली

प्रश्न : आजोबांच्या बंद दवाखान्यात ‘पॅराल्डिहाइड’ची अर्धी भरलेली तपकिरी बाटली, काचेची सिरिंज आणि ‘लार्गॅक्टिल’च्या गुलाबी पडलेल्या अँप्यूल (औषधाच्या बंद काचनळ्या) सापडल्या. धुऊनपुसून कपाटात मांडल्या तर चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सिरिंज जरूर मांडा. औषध भरलेलं मात्र काहीही घरात ठेवू नका.

बाटली उघडू नका, हुंगू नका. पॅराल्डिहाइड १८८२पासून झोपेसाठी आणि खवळलेल्या रुग्णाला शांत करायला देत. हवा-उजेड लागला की त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, पुढे अ‍ॅसेटिक आम्ल. अ‍ॅसिटाल्डिहाइड २० अंशांच्या आसपासच उकळतं आणि चटकन पेट घेतं. अर्ध्या बाटलीत हवा जास्त, म्हणून ती अधिक धोक्याची. नष्ट होईपर्यंत ती देवघर आणि गॅसपासून लांब, गारव्यात उभी ठेवा. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागाला विचारून त्यांच्यामार्फत नष्ट करा. मोरीत ओतू नका.

सिरिंज काचेचीच का? हे औषध प्लॅस्टिक आणि रबर विरघळवतं. नळी आणि दट्ट्या दोन्हींवर कोरलेला आकडा पाहा. तो जुळला तर जोडी मूळची. एकमेकांत बसतील अशीच ती घासलेली असते, दुसरा दट्ट्या गळतो किंवा अडकतो. दोन्ही वेगवेगळे ठेवा, नाहीतर वर्षांनी चिकटतात आणि ओढताना काच तडकते. सुई असेल तर ती आधी जाड डबीत बंद करा.

लार्गॅक्टिल म्हणजे क्लोरप्रोमॅझिन. १९५२मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या मानसोपचारतज्ज्ञांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि मानसोपचाराची दिशाच बदलली. उजेडाने ते पिवळं, गुलाबी पडतं. अँप्यूल फुटली तर हातमोजे घालूनच आवरा. हाताळणाऱ्या परिचारिकांच्या त्वचेला याची अ‍ॅलर्जी होत असे.

लेबलला पाणी लावू नका, शाई पसरते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. काहीही हलवण्याआधी सगळ्या वस्तूंचा एकत्र फोटो काढा; कोणती वस्तू कशाशेजारी होती, ही माहिती पुन्हा मिळत नाही.

प्रश्न : ‘सर्पासिल’ या जुन्या औषधाची रिकामी बाटली मानसोपचाराची समजावी का?

उत्तर : लगेच नको. त्यातलं मुख्य द्रव्य रेसरपिन हे सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळातलं, १९५२मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत वेगळं केलेलं. सर्पगंधेचा वेडावरचा उपयोग सेन आणि बोस यांनी १९३१मध्येच मांडला होता, तर मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९मध्ये रक्तदाबावरचा. लेबलवर ०.२५ मिलिग्रॅम असेल तर ती बहुधा रक्तदाबाची. मनोरुग्णांना मात्रा कितीतरी पट जास्त देत.